तिसऱ्या सिलिंडरचं दुखणं

आमच्या ह्यांचं नाव पूबालन. पण आमच्या डरबनच्या चॅट्सवर्थमध्ये त्या नावानं विचारलंत तर कुणी घर दाखवणार नाही. ‘कानवाले अंकल’ म्हणा, शेंबडं पोरसुद्धा दारापर्यंत आणून सोडेल. कारण हे इंजिन डोळ्यांनी बघत नाहीत, कानांनी बघतात. बागेला पाणी घालायच्या नळीचा हातभर तुकडा आहे त्यांच्याकडे. एक टोक कार्बोरेटरच्या तोंडाशी धरायचं, दुसरं कानाला लावायचं, डोळे मिटायचे आणि आत शिरणारी हवा कशी सूं-सूं करते ते ऐकायचं. दर सिलिंडरला एक, अशा चारही तोंडांची सूं-सूं एकसारखी झाली की मान डोलवतात. लग्नाला तेहतीस वर्षं झाली, माझं एक वाक्य त्या कानांनी पुरतं ऐकल्याचं मला आठवत नाही.

डरबनच्या बस डेपोत छत्तीस वर्षं यांनी डिझेलची इंजिनं दुरुस्त केली, आणि त्यातल्या शेवटच्या अकरा वर्षांच्या संध्याकाळी आणि रविवार एका गाडीत घातले. जुनी चौकोनी जपानी गाडी. बाहेरून बघाल तर शाळामास्तरची वाटेल. आतलं इंजिन मात्र यांनी तीन वेळा पुरतं उघडून, घासून, छाटून असं करून ठेवलंय की सुरू झालं की माझ्या कपाटातल्या बांगड्या वाजतात. मागची सीट काढली, रेडिओ काढला, दारांच्या आतलं पुठ्ठ्याचं अस्तर काढलं. कशाला, तर वजन कमी करायला. स्वतःचं पोट तेवढं जागच्या जागी ठेवलं.

एवढा खटाटोप चारशे मीटरसाठी. उसाच्या मळ्यांमागे विमानाची एक जुनी धावपट्टी आहे, तिथं महिन्यातल्या एका रविवारी गाड्या पळवतात. हिरवा दिवा लागला की निघायचं आणि सरळ चारशे मीटर जायला किती सेकंद लागले ते बघायचं. आमची गाडी तेरा पूर्णांक दोनला येऊन अडकली होती. यांना तेराच्या खाली जायचं होतं. चार वर्षं झाली, जायचंच होतं.

आणि मला गॅरेज हवं होतं. मी लोणची करते. आंब्याचं, लिंबाचं, गाजर-मिरचीचं. देवळाच्या जत्रेत माझ्या बरण्या दुपारच्या आत संपतात. पण स्वयंपाकघर एवढंसं. मिरची परतली की कुत्र्यासकट सगळं घर खोकत रस्त्यावर. बरण्या पलंगाखाली, बरण्या साड्यांच्या कपाटात, बरण्या न्हाणीघरात. आणि तिकडे गॅरेजमध्ये मोरी आहे, खिडकी आहे, छान वारा आहे. तिथं राहतं कोण, तर गाडी.

यांच्या साठीला सगळे नातेवाईक जमले होते, तेव्हा मी जरा बोललेच. गाडीला खोली आहे आणि बायकोला नाही, असं म्हणाले. सगळे हसले, हे हसले नाहीत. बिर्याणीचा घास हातात तसाच धरून म्हणाले, “मार्चची रेस. तेराच्या खाली आली तर गाडी राहील आणि तू पुन्हा गॅरेजचं नाव काढायचं नाहीस. नाही आली तर गाडी विकतो. गॅरेज तुझं.” डरबनच्याच फीनिक्स भागातला एक माणूस ती गाडी घ्यायला टपूनच होता. आणि यांनी एकदा शब्द दिला की दिला. बाकीचे गुण शोधायला वेळ लागेल, पण हा आहे.

मग काय, घरात इंजिनाशिवाय दुसरा विषय नाही. माझी चहाची गाळणी पेट्रोल गाळायला गेली. टायमिंग, म्हणजे ठिणगी वेळेवर पडते का, ते बघायचा लुकलुकता दिवा धरायला लग्नापासून मीच, कारण माझा हात हलत नाही आणि यांचा हलतो. ज्या गाडीनं माझं गॅरेज अडवलंय, तिच्याच पोटात दिवा धरून मी वाकलेली. “डावीकडे, कोगी. अगं डावीकडे.” “अहो, माझी डावी की तुमची?” असं आमचं चालायचं. फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत मात्र इंजिन असं काही लागलं की मलाच धास्ती वाटायला लागली.

तशात एका रविवारी शेजारचे ब्रदर मोझेस आले. त्यांच्या आणि आमच्या घरात एकच भिंत. आठवडाभर साबणाच्या कारखान्यात, रविवारी चर्चमध्ये ढोल. रेसला यांच्या मदतीला तेच जातात. हे कार्बोरेटरचं वरचं झाकण काढून, पेट्रोल मोजून सोडणाऱ्या पितळी तोट्या बाहेर काढून बसले होते. जेट म्हणतात त्यांना. यांना त्या घासून परत घालायच्या होत्या. मोझेस कमरेवर हात ठेवून म्हणाले, “पूबा, अख्ख्या डरबनमध्ये असं इंजिन नाही. ह्याच्या पुढं कुणाची गाडी टिकणार नाही, लिहून ठेव.” म्हणाले आणि गेले जेवायला. हेही हात धुवायला आत गेले.

आता मला सांगा, असं कुणी तोंडावर बोलतं का? बाळाला बोललं तर आपण लगेच दृष्ट काढतो. गाडी मला नको होती हे खरं, पण नजर लागू द्यायची म्हणजे काय? मी मूठभर मीठ, मोहरी आणि सुक्या मिरच्या घेतल्या आणि उघड्या इंजिनावरून तीनदा ओवाळल्या. तिसऱ्या फेऱ्याला आत कुकरची शिट्टी झाली, मी दचकले, तशीच धावत आत गेले आणि मूठ धुपाटण्यातल्या निखाऱ्यावर टाकली. मिरच्यांचा ठसका लागला नाही, म्हणजे नजर चांगलीच लागली होती. मी समाधानानं डाळ उतरवली.

दुसऱ्या दिवशी इंजिन बिघडलं.

बिघडलं म्हणजे कसं, की अंगणात उभं असताना सोन्यासारखं चालायचं. हे नळी लावून ऐकायचे, मान डोलवायचे. पण टेकडीच्या चढावर नेऊन तिसऱ्या गिअरमध्ये पाय पुरा दाबला, की जोरात ओढता ओढता मध्येच अडखळायचं, खोकायचं, आणि पाय उचलला की पुन्हा साळसूद. यांनी ठिणगीचे प्लग काढून बघितले. चांगल्या प्लगचा रंग चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा हवा. तिघांचा तसा होता. तिसऱ्या सिलिंडरचा पांढराफटक.

“हा उपाशी आहे,” हे म्हणाले. “ह्याला पेट्रोल पोचत नाही.”

“मग पोचवा,” मी म्हणाले.

“तेच तर.”

मोझेस म्हणाले की आधी विजेचं बघ, ठिणगी कमी पडत असेल. तिसऱ्याचा प्लग पहिल्यात घातला, पहिल्याचा तिसऱ्यात. पांढरा होणार तो तिसऱ्यातलाच. वायर बदलली, कॉइल बदलली, डिस्ट्रिब्युटरची टोपी बदलली. मग पेट्रोलचा पंप बदलला. मग व्हॉल्व्हमधली फट पुन्हा मोजली, सोळाच्या सोळा. मग तिसऱ्याचं जेट चौथ्यात आणि चौथ्याचं तिसऱ्यात. जेट बाहेर काढून उजेडात धरलं तर आरपार स्वच्छ. फुंकर मारली, हवेचा पाइप लावून फुंकलं. परत घातलं, अंगणात सोन्यासारखं. चढावर खॉक. मोझेसनी शेवटी दोन्ही हात इंजिनावर ठेवून प्रार्थना केली. इंजिन गरम होतं, त्यामुळे प्रार्थना थोडक्यात आटोपली.

दोन आठवडे हे असं. यांचं जेवण गेलं. बसल्या जागी तोंडानं खॉक-खॉक आवाज काढून बघायचे. एकदा बुधवारी, रेसला चार दिवस राहिलेले, ताटावर बसून स्वतःशीच म्हणाले, “सुरुवात कधी झाली? मोझेस आला त्या रविवारपर्यंत ठणठणीत होतं. मी जेट काढली, हात धुतले, जेट घातली. मध्ये झालं काय?”

मी डाळीला फोडणी देत होते. तेल तापलं होतं, हातात मोहरी होती, ती हातातच राहिली.

मध्ये काय झालं ते मला माहीत होतं. कुकरची शिट्टी झाली होती. दचकून मूठ सैल झाली होती. आणि खाली जेटांची भोकं उघडी होती. मी काही बस डेपोत काम केलेलं नाही, पण तेहतीस वर्षं दिवा धरलाय. मोहरीचा दाणा त्या भोकात बसेल एवढं कळतं मला. गाडी उभी असताना दाणा जेटखालच्या पेट्रोलच्या वाटीत पडून राहणार, आणि इंजिनानं जोरात पेट्रोल ओढलं की वर येऊन जेटच्या तोंडाला चिकटणार. पाय उचलला की पुन्हा खाली. जेट काढून बघा, नाहीतर फुंका, तो आपला तळाशी मजेत.

मी सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. खरं तेच सांगते. चार दिवस गप्प बसायचं होतं, की गॅरेज माझं. मोरी माझी, खिडकी माझी. मी मुद्दाम थोडंच केलं होतं? दृष्ट काढली होती, यांच्या भल्यासाठीच. आता देवाच्याच मनात गॅरेज मला द्यायचं असेल तर मध्ये बोलणारी मी कोण? असं मी स्वतःला समजावलं, आणि ती फोडणी जळली.

गुरुवारी मी लोणच्याचे मसाले आणायला बाजारात गेले होते. परत आले तर हे व्हरांड्यात खुर्ची टाकून शांत बसलेले. हात स्वच्छ. गाडीचं बॉनेट बंद.

“काय झालं? सापडलं?” मी विचारलं. माझा आवाज जरा चिरकलाच.

“नाही,” हे म्हणाले. “पुरे झालं आता. जशी आहे तशी पळवतो.”

शुक्रवारी तर कहर केला. टेप घेऊन गॅरेजच्या भिंती मोजायला लागले. “कोगी, फळ्या किती लागतील गं? चार केल्या तर वरच्या फळीला तुझा हात पुरायचा नाही.” मी म्हटलं, रेस व्हायचीय अजून. तर म्हणतात, “वय झालं माझं. कान गेले असतील. जे इंजिन मी तीनदा बांधलं त्याला काय दुखतंय ते मला कळत नाही, मग ठेवून काय उपयोग?” आणि शीळ घालत मोजायला लागले. मला ती शीळ सहन होईना. ज्या माणसानं अकरा वर्षांत माझं ऐकलं नाही तो आता माझ्या हाताची उंची मोजतोय, आणि मी तोंडात मोहरी धरून बसलेय. शनिवारी तीन बरण्यांत मीठ दोनदा पडलं. फेकून दिल्या.

रविवारी मीही धावपट्टीवर गेले. एरवी जात नाही, पण घरी बसवेना. ऊन मी म्हणत होतं, बनी चाऊची, म्हणजे पाव कोरून आत भरलेल्या रश्शाची, रांग रेसच्या रांगेपेक्षा मोठी होती, आणि निकाल ओरडून सांगणारा भोंगा सकाळीच बंद पडलेला. त्यामुळे टेबलावरच्या बाईकडून ज्याची त्याची चिठ्ठी जाऊन घ्यायची. प्रत्येकाला तीन संधी.

पहिल्या वेळी आमची गाडी सुटली ती झकास. पहिला गिअर, दुसरा, आणि तिसऱ्यात तेच. खॉक. मोझेसनी चिठ्ठी आणली, साडेतेरा. दुसऱ्या वेळी पुन्हा तिसऱ्यात खॉक. पुन्हा साडेतेरा. यांनी गाडी परत आणून रांगेत लावली, हेल्मेट काढून मांडीवर ठेवलं आणि खिडकीतून मला म्हणाले, “चल, अजून एक झाली की सुटलो. उद्या सुताराला बोलवू.” आणि हसले.

त्या हसण्यानं माझा बांध फुटला. मी खिडकीत डोकं घातलं आणि म्हणाले, “अहो, मोहरी आहे.”

“काय?”

“तिसऱ्यात मोहरी आहे. मोझेसनी कौतुक केलं म्हणून मी दृष्ट काढली, तुमचं झाकण उघडं होतं, कुकर वाजला आणि माझ्या मुठीतून सांडली. मला बुधवारपासून माहीत आहे आणि मी बोलले नाही. आता काय बोलायचं ते बोला, पण आधी झाकण उघडा.”

यांनी मांडीवरचं हेल्मेट बाजूला ठेवलं. मग सावकाश म्हणाले, “सांडली?”

“सांडली म्हणजे सांडली. मग?”

“घातली नाहीस?”

मला आधी कळेचना. मग यांनी शर्टाच्या खिशातून काडेपेटी काढून उघडली. आत दोन काळे दाणे. “गुरुवारी तू बाजारात गेलीस तेव्हा सगळा कार्बोरेटर उतरवून तुझ्या पांढऱ्या ताटात उलटा केला. हे पडले. मोहरी आपल्या घरात कोणाच्या हातात असते ते मला ठाऊक आहे.”

“म्हणजे इंजिन गुरुवारीच बरं झालं?”

“ठणठणीत.”

“मग आज दोनदा खोकलं ते?”

“ते इंजिन नव्हतं खोकत. मी पाय उचलत होतो.” हे स्टिअरिंगकडे बघत म्हणाले. “मला वाटलं, माझी बायको इंजिनात मोहरी घालण्यापर्यंत आली, म्हणजे तिला ते गॅरेज खरंच हवंय. इतकी वर्षं ती सांगत होती आणि मी नळी कानाला लावून बसलो होतो.”

आता तुम्ही म्हणाल, माझे डोळे भरून आले असतील. आले, पण नंतर. आधी माझा पारा चढला. “मी? मी तुमच्या इंजिनात मुद्दाम मोहरी घालीन? तेहतीस वर्षं दिवा कोणी धरला? आणि घालायचीच असती तर दोनच दाणे घातले असते का मी? चांगली वाटीभर घातली असती.” मागचे गाडीवाले हॉर्न वाजवायला लागले. निशाणवाला धावत आला, “अंकल, जाताय की भांडताय?” मोझेस त्याला म्हणाले, “थांब जरा, तेहतीस वर्षांचं आहे.”

“आता हेल्मेट घाला,” मी यांना सांगितलं. “आणि पाय उचललात तर घरी येऊ नका. तिकडेच उसात राहा.”

हे गेले. दिवा हिरवा झाला, आणि मी सांगते, मला गाड्यांतलं काही कळत नाही असं मी सगळ्यांना सांगते, ते खोटं आहे. पहिला गिअर, दुसरा. तिसऱ्यात गेली, आणि खोकली नाही. एक स्वर धरून ती अशी ओढत गेली की माझ्या दंडावर काटा आला. अकरा वर्षं हे काय ऐकत होते ते मला त्या दिवशी ऐकू आलं. मोझेस उड्या मारत होते. मीही मारल्या, ह्या वयात, साडी नेसून.

मग मी टेबलाशी जाऊन चिठ्ठी घेतली. तेरा पूर्णांक शून्य चार.

मी दोनदा वाचली. मोझेसनी माझ्या खांद्यावरून वाचली. तेरा पूर्णांक शून्य चार म्हणजे तेराच्या खाली नाही. म्हणजे गाडी फीनिक्सला, गॅरेज मला. यांनी पाय उचलला नव्हता, मी काही लपवलं नव्हतं, कुणाचं कुणाला देणं राहिलं नव्हतं. चांगला वारा येणारी ती खिडकी मला दिसत होती. फळ्या दिसत होत्या, तीन, माझ्या हाताला पुरतील अशा. मला ते गॅरेज हवंच होतं, आताही हवंय, त्यात काही बदल नाही.

गाडी परतीच्या रस्त्यानं हळूहळू आली आणि माझ्याजवळ थांबली. यांनी हेल्मेट काढलं. सगळा चेहरा घामानं निथळत होता आणि डोळे लहान मुलासारखे झाले होते.

“किती?”

“बारा शहाण्णव,” मी म्हणाले.

मोझेस खोटं बोलत नाहीत, त्यांच्या धर्मात बसत नाही. ते एकदम वळले आणि उसाच्या मळ्याकडे बघायला लागले.

यांनी खिडकीतून हात बाहेर काढला. “चिठ्ठी बघू.”

“हरवली.”

“एवढ्यात?”

“वारा आहे केवढा,” मी म्हणाले. पान हलत नव्हतं.

हे माझ्या मिटलेल्या मुठीकडे बघत राहिले. मग इंजिनाकडे कान देऊन थोडा वेळ ऐकत बसले.

“तिसऱ्यात अजून जरा पेट्रोल मागतेय ती,” हे म्हणाले. “पुढच्या महिन्यात खरंच तेराच्या खाली आणतो.”